आधी पाणी की आधी मान?

मनुष्य जे काही करतो ते कशाच्या ओढीने करतो, हा प्रश्न तत्त्वचिंतकाला जितका पडतो तितकाच तो अवर्षणाच्या साली तालुक्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या मामलेदारालाही पडतो. फरक इतकाच की पहिल्याला त्याचे उत्तर सवडीने शोधता येते आणि दुसऱ्याला ते त्याच दिवशी हुकूम काढून द्यावे लागते. धान्य आधी पोहोचवावे की पाणी, निवारा आधी उभारावा की शाळा, याचा निर्णय करताना मानवी गरजांचा काहीएक क्रम मनात गृहीत धरलेला असतोच. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे म्हणून आपल्या लोकांनी तो क्रम कधीचाच लावून टाकलेला आहे, आणि अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तोच क्रम पाच श्रेणींत शास्त्रीय भाषेने मांडला, तेव्हा त्यात सामान्य माणसाला अनोळखी वाटावे असे फारसे काही नव्हते. अध्यापक विद्यालयांपासून व्यवस्थापनाच्या वर्गांपर्यंत या सिद्धांताचा जो प्रसार झाला त्याचे मर्म त्याच्या या ओळखीच्या चेहऱ्यात आहे. परंतु हा निबंध लिहिला जाण्याच्या सोळा वर्षे आधी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड या गावी एक प्रसंग असा घडला, की त्याच्या कसोटीवर हा सिद्धांत घासून पाहिला असता त्यातले खरे सोने कोणते आणि वरचा मुलामा कोणता हे पुष्कळसे स्पष्ट होते.

मॅस्लो यांचा जन्म १ एप्रिल १९०८ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलीन भागात, रशियातून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. ज्यू म्हणून रस्त्यावरच्या टोळ्यांचा उपद्रव त्यांनी बालपणी सोसला होता. योगायोग असा की याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर हा बडोदे सरकारचा शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होता. पुढे मॅस्लो यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांच्या हाताखाली वानरांच्या वर्तनाचा अभ्यास करून १९३४ साली डॉक्टरेट मिळविली. प्रयोगशाळेतील प्राणी आणि रुग्णालयातील मनोरुग्ण यांच्यावरूनच मानवी मनाचे सिद्धांत बांधण्याची तेव्हाची रीत मात्र त्यांना मानवेना. निरोगी आणि कर्तृत्ववान माणूस कशाने प्रवृत्त होतो, हे विचारल्यावाचून मानसशास्त्र पुरे होणार नाही अशी त्यांची धारणा झाली.

त्या धारणेतून आलेल्या सिद्धांताचे सार असे. मनुष्याच्या मूलभूत गरजांचे पाच वर्ग पडतात. पहिल्यात अन्न, पाणी, निद्रा इत्यादी शारीरिक गरजा येतात. दुसऱ्यात जीविताची, मिळकतीची आणि उद्याच्या दिवसाची सुरक्षितता. तिसऱ्यात प्रेम, स्नेह आणि कोणत्या तरी समूहाचे आपण आहोत ही आपलेपणाची भावना. चौथ्यात स्वतःच्या दृष्टीने आणि लोकांच्या दृष्टीनेही आपली काही किंमत असावी ही प्रतिष्ठेची आकांक्षा. आणि पाचव्यात, आपल्या अंगी जे होण्याची शक्ती आहे ते होऊन दाखविण्याची ओढ, जिला पाठ्यपुस्तके आत्मवास्तविकीकरण म्हणतात आणि साध्या भाषेत आत्मसिद्धी म्हणता येईल. या गरजा एकाच वेळी सारख्या जोराने माणसाला हाकीत नाहीत. जी अधिक प्राथमिक तिचे प्राबल्य अधिक. ती अतृप्त असेपर्यंत वरची गरज मनात डोके वर काढीत नाही, आणि एकदा ती भागली की तिचा विसर पडून तिच्या जागी पुढची गरज स्वामित्व गाजवू लागते. भुकेलेल्याला सारे जग भाकरीच्या रूपाने दिसते, आणि पोट भरलेल्याला भाकरीचे स्मरणही राहत नाही.

मॅस्लो यांनी स्वतः या क्रमाला पुष्कळ पुरवण्या जोडल्या होत्या, आणि सिद्धांत लोकप्रिय होताना नेमक्या त्याच गळून पडल्या. एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उद्भवते असा त्यांचा दावा नव्हता. सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, प्रतिष्ठेच्या ४० आणि आत्मसिद्धीच्या १० टक्के भागलेल्या असाव्यात, असे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आकडे देऊन त्यांनी सर्व गरजा कमी-अधिक प्रमाणात एकत्र नांदतात हे समजावले होते. काही माणसांत हा क्रम उलटा होतो, आणि तत्त्वासाठी सर्वस्वाचा होम करणारे लोक असतात, हेही त्यांनी नमूद केले होते. आज ज्या त्रिकोणी मनोऱ्याच्या आकृतीवाचून त्यांचे नावच घेतले जात नाही, तो मनोरा त्यांच्या १९४३ च्या निबंधात मुळीच नाही. व्यवस्थापनाच्या लेखकांनी तो पुढे रचला. सर्वांत महत्त्वाची पुरवणी अशी की बोलण्याचे व वागण्याचे स्वातंत्र्य, न्याय आणि सचोटी या गोष्टी त्यांनी पाचांपैकी कोणत्याही पायरीवर न ठेवता, गरजा भागण्याच्या पूर्वअटी म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. या एका वाक्याचा विस्तार त्यांनी केला असता तर सिद्धांताचे स्वरूप कदाचित पालटले असते.

भुकेचे प्राबल्य खोटे आहे असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून एक प्रसिद्ध प्रयोग केला. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यांचा विनोद आटला, मैत्री विरली, आणि पूर्वी ज्यांनी पाकशास्त्राचे पुस्तक हाती धरले नव्हते ते अशी पुस्तके तासन्‌तास चाळीत बसू लागले. मॅस्लो यांच्या पहिल्या पायरीला याहून सबळ पुरावा मिळणे कठीण. पण हे तरुण तेथे आले कसे? हिंसा आपल्या विवेकाला पटत नाही म्हणून सैन्यात जाण्यास नकार देणारे ते लोक होते, आणि युद्धाने उपाशी झालेल्या जनतेच्या उपयोगी पडावे या हेतूने त्यांनी आपण होऊन उपासमार पत्करली होती. भुकेने त्यांच्या मनाचा कब्जा घेतला हे खरे. पण त्या भुकेच्या स्वाधीन त्यांना केले ते त्यांच्या विवेकानेच.

आता महाडकडे वळू. महाबळेश्वरच्या कुशीत उगम पावणारी सावित्री पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातून खाली उतरते आणि महाडजवळ गांधारीचे पाणी घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. पोलादपूर व महाड या दोन्ही तालुक्यांवर पर्जन्याची कृपा इतकी की आषाढ-श्रावणात सूर्यदर्शन दुर्मीळ व्हावे, आणि जमिनीचा उतार असा की ते सारे पाणी समुद्राला मिळून चैत्र-वैशाखात डोंगरातल्या वाड्यांवर हंडे घेऊन वणवण करण्याची पाळी यावी. महाड हे तालुक्याचे ठिकाण आणि जुनी बाजारपेठ. खेड्यापाड्यांतील रयतेला सारा भरण्यास, कचेरीतील कामास आणि माल विकण्यास तेथे यावेच लागे. आंबेडकरांनी स्वतः वर्णन केले आहे त्याप्रमाणे, बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळेल असे सार्वजनिक तळे म्हणजे चवदार तळे; परंतु अस्पृश्य गणलेल्यांना त्याचा मज्जाव असल्याने त्यांना गावाबाहेरच्या आपल्या वस्तीतील विहिरीपर्यंत जावे लागे, अथवा तहानलेलेच परतावे लागे. त्या तळ्यावर इतर धर्मांचे लोक येत आणि गुरेढोरेही पाणी पीत.

कायद्याच्या दृष्टीने हा मज्जाव उठलेला होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर करून सरकारी खर्चाने बांधलेले वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या केल्या होत्या, आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव आपल्या दप्तरी नोंदविला होता. ठराव दप्तरात राहिला आणि वहिवाट तळ्यावर. ही दरी बुजविण्यासाठी महाड परिसरातील रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आदी कार्यकर्त्यांनी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात परिषद बोलाविली. परिषदेला जमलेल्यांसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपये खर्चून विकत आणावे लागले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी हजारोंचा जमाव मिरवणुकीने तळ्यावर गेला. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्यामागून इतरांनी. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला, जेवणाची तयारी धुळीस मिळाली आणि कित्येकांची डोकी फुटली. पुढे पंचगव्याने तळ्याची शुद्धीही करण्यात आली.

वरवर पाहणाऱ्याला यात मॅस्लो यांचा सिद्धांत जसाच्या तसा प्रत्ययास येईल. तहान ही पहिली पायरी. तहानलेले लोक पाण्यासाठी झगडले. यात नवल ते काय? पण तहान भागविण्याचा प्रश्न चाळीस रुपयांनी सुटलेला होता. ज्यांनी त्या दिवशी ओंजळ भरली त्यांच्या पोटात विकतचे पाणी होते आणि वस्तीतील विहीरही कोठे गेली नव्हती. त्या वर्षाच्या डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. या तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही आणि आजवर न प्याल्याने मेलोही नाही. तेथे जायचे ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता, आणि या सभेची तुलना त्यांनी १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रसभेशी केली होती. मॅस्लो यांच्या हिशेबात जी गरज चौथ्या पायरीवर, तिच्यासाठी येथे दुसऱ्या पायरीवरील सुरक्षितता जाणूनबुजून पणाला लावलेली होती.

पाण्याहूनही बोलका पुरावा भाकरीचा आहे. मार्चच्या परिषदेत अस्पृश्य समाजाने मृत जनावराचे मांस खाणे सोडावे, उष्टे व शिळे अन्न मागू नये आणि महारकीची जुनी चाकरी टाकून स्वतंत्र उद्योग धरावा, असा उपदेश करण्यात आला. महार वतन म्हणजे काय ते आजच्या वाचकास सांगावयास हवे. सरकारची आणि गावाची रात्रंदिवस हरकामे करावयाची, सारा वसुलीस आलेल्या अंमलदाराच्या दिमतीस राहावयाचे, टपाल पोहोचवावयाचे, सांगावे सांगत हिंडावयाचे, आणि त्याच्या मोबदल्यात थोडी इनाम जमीन, बलुते आणि घरोघर फिरून मागितलेली भाकरी घ्यावयाची, अशी ती वंशपरंपरागत व्यवस्था होती. गरजांच्या क्रमाने पाहिले तर वतन पहिल्या तीन पायऱ्यांची सोय लावीत होते. त्यात अन्न होते, उद्याचे अन्न मिळण्याची हमी होती, आणि गावगाड्यात कनिष्ठ का होईना, ठरलेले स्थानही होते. नव्हता तो फक्त मान. सिद्धांताप्रमाणे ज्यांच्या पहिल्याच पायरीचा भरवसा नाही अशांनी ही हमी घट्ट धरून ठेवावयास हवी होती. ती सोडा असे त्यांना सांगण्यात आले आणि पुष्कळांनी ते ऐकले, ही मानसशास्त्राच्या दृष्टीने असाधारण घटना आहे. १९२८ साली आंबेडकरांनी विधिमंडळात वतनाविषयीचे विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

डिसेंबर १९२७ ची हकीकत आणखी एक बाजू उघड करते. मधल्या काळात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता. परिषदेस जागा देण्यास कोणी धजेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मुंबईची मंडळी बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडास आली. तत्पूर्वीच विरोधकांनी दिवाणी दावा लावून तळ्यावर जाण्यास मनाई हुकूम मिळविला होता. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु सत्याग्रहात प्राण देण्याची तयारी ठेवून आलेल्या हजारो लोकांनी पुढे न्यायालयाचा मान राखून, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परतले. त्याच मुक्कामात आंबेडकरांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारा पेहराव आणि ओंगळ दागिने टाकून इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्यास सांगितले, व ते पुष्कळींनी तत्काळ आचरणात आणले. लुगड्याची घडी पायघोळ झाल्याने कोणाच्या ताटात अर्धी भाकरी वाढली नव्हती. दाव्याचे म्हणाल तर तो नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. तळे खाजगी आहे आणि मज्जावाची वहिवाट अनादिकालापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी, तळे नगरपालिकेचे असून अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही असे ठरवून अपील फेटाळले.

एक आक्षेप येथे विचारात घेणे न्याय्य होईल. महाड आणि त्याच्या दक्षिणेकडील मुलखात लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायांची व सुभेदारांची वस्ती बरीच होती, आणि स्वतः आंबेडकर विलायतेत शिकलेले बॅरिस्टर होते. ज्यांच्या घरी पेन्शन येते त्यांच्या खालच्या पायऱ्या भक्कम झालेल्या असतात, तेव्हा त्यांना वरची पायरी दिसू लागावी यात सिद्धांताचे समर्थनच होत नाही काय? या म्हणण्यात तथ्य आहे. वतनावर सर्वस्वी अवलंबून नसलेला माणूस वतनाविरुद्ध आधी बोलू शकतो. मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा पलटणीत मिळालेल्या रोख पगाराने या चळवळीला बळ दिले, हे नाकारता येत नाही. पण यावरून सिद्ध होते ते इतकेच की खालच्या गरजा भागल्या असता मानासाठी झगडणे सोपे जाते. त्या भागेपर्यंत मानाची इच्छाच मनात नसते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. इच्छा असणे आणि ती उघड बोलून दाखविण्याची ऐपत असणे, यांत अंतर आहे. आणि ज्याला मॅस्लो यांचे वाचक इच्छेचा अभाव समजतात, तो पुष्कळदा ऐपतीचा अभाव असतो.

पुढील संशोधनही याच दिशेने गेले आहे. १९७६ साली वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरच्या अभ्यासांची छाननी केली तेव्हा पाच पायऱ्यांच्या ठरावीक क्रमाला त्यांना फारसा आधार सापडला नाही. २०११ साली ताय आणि डीनर यांनी १२३ देशांतील लोकांच्या उत्तरांवरून असा निष्कर्ष काढला, की या गरजा सर्वत्र आढळतात आणि प्रत्येकीच्या पूर्तीने माणसाच्या समाधानात भर पडते; परंतु खालची पुरी झाल्यावाचून वरचीचा लाभच मिळत नाही असे नाही. गरजांची यादी टिकली, जिना डळमळीत झाला.

पोलादपूरच्या कोणत्याही वाडीला हे निष्कर्ष नवे वाटणार नाहीत. येथील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरमानी म्हणून राहिला. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस जणांनी पाळीपाळीने अंथरूण टाकावे, खाणावळीच्या जेवणावर दिवस काढावे, आणि त्यातून उरलेल्या पैशांतून ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मात्र न चुकता द्यावी. शिमग्याच्या पालखीस रजा मिळाली नाही तर नोकरीवर पाणी सोडून गाव गाठावा, हा येथला रिवाज. निवाऱ्यापूर्वी आपलेपणा, अशी त्यांनी आपल्या गरजांची मांडणी केली होती आणि ती अडाणीपणाची नव्हती. कारण काम सुटले, आजार आला, तर त्या अनोळखी शहरात सांभाळणारी गावकीच होती. वरची म्हणून समजली जाणारी गरज येथे खालच्या गरजांचा पाया झालेली दिसते.

हा सारा ऊहापोह केवळ पंडिती कुतूहलाचा नाही. २००५ च्या जुलैत याच परिसरात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या; २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील दरडीने ऐंशीहून अधिक माणसे गिळली आणि त्याच सुमारास महाड शहर पुरात बुडाले. अशा वेळी अन्न, पाणी आणि छप्पर यांना अग्रक्रम देण्यात कोणत्याही अधिकाऱ्याची चूक नाही. संकटाच्या पहिल्या प्रहरी मॅस्लो यांचा क्रम अचूक ठरतो. चूक होते ती पुढे, जेव्हा तातडीचा हा क्रम कायमचा समजला जातो, आणि भावकी कोठे राहील, देव कोठे बसेल, नव्या वसाहतीची जागा कोणाला विचारून ठरली, हे प्रश्न पोट भरल्यानंतरचे चोचले म्हणून बाजूला सारले जातात. भाकरी मिळते आहे ना, मग मानाचे एवढे काय, हा युक्तिवाद वतनाच्या काळीही केला जात असे, आणि तो करणारा नेहमी भाकरी देणारा असे, घेणारा नव्हे.

गरजांचा क्रम लावणे हे म्हणूनच निरुपद्रवी वर्गीकरण नाही. त्यात क्रम लावणाऱ्याची सत्ता अध्याहृत असते. मॅस्लो यांनी स्वातंत्र्य आणि न्याय यांना पायऱ्यांबाहेर ठेवून पूर्वअटींचे स्थान दिले, हे त्यांच्या सिद्धांतातील सर्वांत दूरदृष्टीचे आणि सर्वांत दुर्लक्षित वचन आहे, आणि महाडच्या सत्याग्रहींनी ते वचन लिहिले जाण्यापूर्वीच त्याचा अर्थ कृतीने लावून दाखविला होता. पाण्याची गरज आधी की मानाची, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. परंतु ते देण्याचा अधिकार ज्याला तहान लागली आहे त्याचा आहे, एवढे तरी कोणत्याही शास्त्राने आणि कोणत्याही सरकारने मान्य केले पाहिजे.